‘नस दबली’ म्हणजे नेमकी कुठली? चेतासंस्थेची ओळख, मुळापासून

प्रश्न थोडक्यात असा आहे: आईच्या दोन्ही पायांच्या बोटांना सहा-सात महिन्यांपासून मुंग्या येतात. एका डॉक्टरांनी ‘कमरेत नस दबलीय’ असं सांगितलं, दुसऱ्यांनी ‘नसा कमजोर झाल्यात’ म्हणून गोळ्या दिल्या, आणि नात्यातल्या एकांनी ‘मेंदूच्या नसेचं काहीतरी असेल’ म्हणत घाबरवून सोडलं. तिन्हीकडे शब्द एकच. मग मेंदू, मज्जारज्जू (पाठीच्या कण्यातून खाली उतरणारा) आणि नसा यांची रचना तरी काय, आणि हे सगळं चालतं कसं?

पंचवीस वर्षं मी न्यूरॉलॉजिस्ट म्हणून काम करते आहे. ‘नस’ या शब्दापायी रुग्णांचे महिनेच्या महिने वाया गेलेले पाहिलेत, म्हणून आधी त्या शब्दाचा गुंता सोडवू. हाताच्या पाठीवर निळसर दिसते तिला आपण नस म्हणतो. ती शीर, रक्तवाहिनी. ‘मेंदूतली नस फुटली’ म्हणतो तेव्हाही रक्तवाहिनीच फुटलेली असते. रात्री पोटरीत गोळा येऊन ‘नस चढली’ म्हणतो, तेव्हा आखडलेला असतो तो स्नायू. आईच्या मुंग्यांशी ज्या नसेचा संबंध आहे ती यांपैकी कुठलीच नव्हे. तिला चेता म्हणतात, जुना शब्द मज्जातंतू. रक्त वाहून नेणं हे तिचं काम नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी ती पांढरट, चिवट दोरीसारखी दिसते. कमरेतून निघून मांडीच्या मागून उतरणारी सायटिक चेता ही सगळ्यात जाड, अंगठ्याएवढी. ती दोरी पिंजली तर आत हजारो सूक्ष्म तंतू सापडतात, आणि त्यातला प्रत्येक तंतू म्हणजे एकेका पेशीचा लांबवर गेलेला हात.

ही पेशी, म्हणजे चेतापेशी किंवा न्यूरॉन, समजली की निम्मी चेतासंस्था समजली. १८७३ साली इटलीच्या कामिलो गोल्जी यांनी चांदीच्या क्षाराने मेंदूचे काप रंगवायची युक्ती शोधली. त्या रंगाची गंमत अशी की तो मोजक्याच पेशींना लागतो, पण ज्यांना लागतो त्या फांद्या-मुळांसकट काळ्या उठून दिसतात. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी तीच पद्धत वापरून वर्षानुवर्षं चित्रं काढली आणि सांगितलं की मेंदू हे सलग जाळं नाही, सुट्या सुट्या पेशी एकमेकींच्या अगदी जवळ येऊन थांबतात. गोल्जींना ते मान्य नव्हतं. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं आणि तिथल्या भाषणातही दोघं आपापल्या मतावर ठाम राहिले. काहाल बरोबर होते.

मेंदूत अशा सुमारे ८६ अब्ज पेशी आहेत. प्रत्येकीला एक पेशीकाय, म्हणजे पेशीचा मुख्य गोळा, संदेश घेणाऱ्या आखूड फांद्या म्हणजे वृक्षिका, आणि संदेश पुढे नेणारा एक लांब अक्षतंतू. इथे जरा थांबते, कारण आईच्या त्रासाचं मर्म या अक्षतंतूच्या लांबीत असू शकतं. पायाच्या अंगठ्याचा स्पर्श जाणवणाऱ्या पेशीचा पेशीकाय पायात नसतो. तो असतो पाठीच्या कण्याशी, कमरेजवळच्या एका छोट्याशा गाठीत, आणि त्याचा आकार मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. तिथून एक तंतू खाली अंगठ्यापर्यंत जातो, जवळजवळ एक मीटर. दुसरा मज्जारज्जूतून वर चढत कवटीच्या पायथ्याशी पोचतो. अंगठ्यापासून मानेच्या वरपर्यंत, एकच पेशी!

आता या पेशीचा संसार कसा चालतो ते बघा. तंतूच्या टोकाला लागणारी प्रथिनं बहुतांशी पेशीकायात तयार होतात आणि तिथून टोकापर्यंत वाहून न्यावी लागतात. वेगवान वाहतूक दिवसाला सुमारे ४० सेंटिमीटर सरकते, संथ वाहतूक जेमतेम काही मिलिमीटर. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं किंवा दारूचा मारा चालू राहिला की ही व्यवस्था कोलमडायला लागते, आणि सर्वात आधी उपाशी पडतं ते सगळ्यात दूरचं टोक. म्हणून असे आजार दोन्ही पायांच्या बोटांत एकदम सुरू होतात, मोजे चढावेत तसे वर सरकतात, आणि साधारण गुडघ्यापर्यंत आले की हातांची बोटं धरतात. पायमोजे-हातमोजे असा हा नकाशा रुग्णाने हाताने दाखवला की निदानाची दिशा तिथेच ठरते.

आता संदेश म्हणजे काय? चेतेला आपण विजेच्या तारेची उपमा देतो. ती अर्धीच खरी आहे. स्वस्थ बसलेल्या चेतापेशीच्या आत बाहेरच्या तुलनेत उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास विद्युतभार असतो. पेशीच्या पडद्यातले पंप दर खेपेला तीन सोडियम आयन (विद्युतभारित कण) बाहेर टाकतात, दोन पोटॅशियम आत घेतात, आणि हा फरक टिकवून धरतात. उत्तेजन पुरेसं झालं की पडद्यातली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, भार क्षणभर उलटा होतो, आणि एखाद्या हजारांश सेकंदात पोटॅशियम बाहेर पडून पुन्हा पूर्ववत होतो. शेजारच्या भागात तेच घडतं, मग त्याच्या शेजारच्या. लाट पुढे सरकते. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाडजूड अक्षतंतूवर प्रयोग करून १९५२ मध्ये हे गणितासह मांडलं.

या लाटेत लहान-मोठं असं काही नसतं. उठली तर पूर्ण उठते, नाहीतर नाही. मग हलका स्पर्श आणि जोरात चिमटा यातला फरक मेंदूला कळतो कसा? दर सेकंदाला किती लाटा आल्या आणि किती तंतूंमधून आल्या, यावरून. आणि मुंग्या? बाहेर काही घडलेलं नसताना दुखावलेला तंतू आपल्या आपण लाटा सोडायला लागतो. मेंदू त्या खऱ्याच मानतो, कारण त्याच्याकडे दुसरी खबर नसते. म्हणून ‘पायावर मुंग्या चालतात पण दिसत काहीच नाही’ असं सांगणाऱ्या माणसाला भास होतोय असं कुणी म्हणू नये. संदेश खरा आहे, फक्त तो मधूनच निघालाय.

लाटेचा वेग मात्र विजेइतका मुळीच नसतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या चेतेवर तो मोजला, तेव्हा सेकंदाला जेमतेम सत्तावीस मीटर भरला. तोवर हा वेग कधी मोजताच येणार नाही असं भलेभले समजत होते. माणसात जाड तंतूंचा वेग सेकंदाला १२० मीटरपर्यंत जातो, तर जळजळीत, रेंगाळणारी वेदना नेणाऱ्या बारीक तंतूंचा फक्त अर्धा ते दोन मीटर. दाराच्या चौकटीला पायाचं बोट आपटतं तेव्हा आधी टोचरी कळ येते आणि क्षणभराने ठणका, तो या फरकामुळे.

वेगाचं रहस्य आहे मायलिन. चरबीयुक्त पापुद्र्यांचं हे आवरण तंतूभोवती गुंडाळलेलं असतं, मध्ये मध्ये सोडलेल्या फटींसह, आणि लाट या फटीवरून त्या फटीवर उड्या मारत जाते. हे आवरण मेंदूत आणि मज्जारज्जूत एक प्रकारच्या पेशी बनवतात, बाहेरच्या चेतांवर दुसऱ्याच प्रकारच्या. त्यामुळे मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये आतलं मायलिन झिजतं आणि बाहेरच्या चेता शाबूत राहतात. गियाँ-बारे आजारात नेमकं उलटं, बाहेरचं आवरण सोलवटतं आणि काही दिवसांत अशक्तपणा पायांपासून वर चढत जातो. तो श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचू शकतो, म्हणून तिथे वाट पाहत बसायचं नसतं.

तंतूच्या टोकाशी एक सूक्ष्म फट येते, सायनॅप्स. तिथे लाट थांबते आणि रसायन सुटतं. हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये दोन बेडकांच्या हृदयांवर दाखवलं. एका हृदयाची चेता उत्तेजित केली, ते मंदावलं. त्याच्या भोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर घातला, तर त्याला कुठलीही चेता न छेडता तेही मंदावलं. द्रवातून निरोप गेला होता. त्या रसायनाला आज आपण ॲसिटिलकोलिन म्हणतो. अशी कितीतरी रसायनं आहेत. त्यातली काही पुढच्या पेशीला चेतवतात, काही तिला आवरतात, आणि हे आवरणं चेतवण्याइतकंच मोलाचं आहे. आवर सुटला की फिट येते. फिटची बरीचशी औषधं हा आवर परत आणायचंच काम करतात: कुठे लाटेची दारं जरा जड करायची, कुठे आवरणाऱ्या रसायनाला बळ द्यायचं.

इथवर एका पेशीची गोष्ट झाली. आता सगळी मांडणी. वैद्यकशास्त्राच्या इतर शाखांत आधी ‘काय झालंय’ असं विचारतात, आमच्याकडे पहिला प्रश्न ‘कुठे’ हा असतो. पायात ताकद नाही, याचं कारण मेंदूत असू शकतं, मज्जारज्जूत, चेतेच्या मुळात (म्हणजे ती मज्जारज्जूतून बाहेर पडते त्या भागात), चेतेत, चेता आणि स्नायूच्या सांध्यात किंवा खुद्द स्नायूत. सहा ठिकाणं, आणि प्रत्येकाची खूण वेगळी. शरीररचना पाठ असण्याचा खरा उपयोग इथे होतो.

मोठा मेंदू वर, सुरकुतलेला, दोन अर्धगोलांचा. उजवा अर्धगोल डावं अंग हलवतो, डावा उजवं, कारण आज्ञा नेणारे बहुतेक तंतू लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या देठाच्या तळाशी, बाजू बदलतात. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांच्याकडे एक रुग्ण होता. त्याला बोललेलं बरंचसं कळायचं, पण तोंडून ‘टॅन’ एवढाच शब्द यायचा. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूत डाव्या पुढच्या भागात इजा सापडली. भाषा बहुतेकांत डावीकडे असते, म्हणून पक्षाघातात उजवं अंग लुळं पडणं आणि बोलणं जाणं हे पुष्कळदा जोडीने येतं. पक्षाघात अचानक येतो आणि बहुधा एका बाजूचा असतो: चेहरा, हात, पाय. रक्त तुटलेल्या भागात दर मिनिटाला १९ लाखांच्या आसपास चेतापेशी मरतात, आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांत देतात. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर नसेच्या गोळ्या शोधत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा. आईचा त्रास दोन्ही पायांत आहे आणि महिनोन्महिने सावकाश चाललाय. हा नकाशा पक्षाघाताचा नाही, तेव्हा मेंदूच्या नसेची भीती मनातून काढून टाकायला हरकत नाही.

लहान मेंदू मागे, मानेच्या वर. आकाराने छोटा, पण एकूण चेतापेशींपैकी जवळपास ८० टक्के त्याच्यात ठासून भरलेल्या. ताकद देणं त्याचं काम नाही, तो हालचाल नेमकी करतो. तो बिघडला की माणूस झोकांड्या खातो आणि नाकाला लावायचं बोट गालाला लागतं. या दोहोंखाली मेंदूचा देठ: श्वास, जाग, गिळणं, डोळ्यांची हालचाल. अंगठ्याएवढ्या जागेत इतकं सगळं असल्याने तिथली बारीकशी इजाही जिवावर बेतू शकते. मेंदूतून थेट निघणाऱ्या चेतांच्या १२ जोड्यांपैकी बहुतेक इथूनच निघतात.

देठाच्या खाली मज्जारज्जू. करंगळीएवढा जाड, प्रौढात सुमारे ४५ सेंटिमीटर, आणि त्यातून चेतांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. एक गोष्ट सुशिक्षित लोकांनाही ठाऊक नसते: मज्जारज्जू कण्याच्या शेवटापर्यंत जात नाही. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो आणि त्याखाली फक्त मुळं लोंबत असतात, घोड्याच्या शेपटीसारखी. पाठीतलं पाणी तपासायला कमरेत खाली सुई घालतात ती याचसाठी, तिथे मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका नसतो. आणि म्हणूनच कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांतली गादी सरकली तर दबतं ते मूळ. मुळाची खूण स्पष्ट असते: बहुधा एकाच पायात, कुल्ल्यापासून खाली ठरावीक पट्ट्यात उतरणारी कळ, खोकलं-शिंकलं की वाढणारी. दोन्ही पायांच्या फक्त बोटांना सारख्याच मुंग्या असतील, कंबर दुखत नसेल, कळ उतरत नसेल, तर ते त्या वर्णनात बसत नाही.

पण एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसते ना? दिसेलच. वय वाढलं की काहीही त्रास नसलेल्या असंख्य माणसांच्या एमआरआयमध्ये गाद्या फुगलेल्या दिसतात. चित्रात दिसलं म्हणजे तेच कारण, हे समीकरण मला फार धोक्याचं वाटतं. ज्यांचा त्रास साखरेमुळे होता अशांच्या कमरेच्या शस्त्रक्रिया झालेल्या मी पाहिल्यात, आणि मुंग्या होत्या तशाच होत्या.

तपासणीतला छोटा हातोडा ‘कुठे’ या प्रश्नासाठीच असतो. गुडघ्याखाली टिचकी मारली की मांडीच्या स्नायूचा ताण कमरेतल्या मज्जारज्जूला कळतो आणि उत्तर तिथूनच परत फिरतं. मेंदूला विचारायला कुणी जात नाही. मात्र मेंदू या प्रतिक्षिप्त क्रियेवर वरून लगाम ठेवून असतो. वरचा मार्ग तुटला की लगाम सुटतो आणि पाय जोरात उडतो, स्नायू ताठरतात, तळव्यावर रेघ ओढली की अंगठा वर वळतो. ही शेवटची खूण जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये सांगितली आणि आजही तिला पर्याय नाही. उलट बिघाड खालच्या चेतेत असेल तर टिचकीला उत्तर मंद येतं किंवा येतच नाही. घोट्यामागची टिचकी दोन्हीकडे गेलेली असेल तर संशय लांब चेतांवर.

संवेदनांचेही दोन वेगळे रस्ते आहेत. वेदना आणि ऊन-थंड बारीक तंतूंतून येतं आणि मज्जारज्जूत शिरल्यावर लगेचच बाजू बदलतं. सांध्यांची स्थिती आणि कंपन जाड तंतूंतून, त्याच बाजूने वर देठापर्यंत. म्हणून आम्ही टाचणीही लावतो आणि घोट्यावर कंप पावणारा धातूचा चिमटाही (ट्यूनिंग फोर्क) ठेवतो. जाड तंतूंचा रस्ता बिघडलेला माणूस उजेडात ठीक चालतो, कारण पाय कुठे आहेत ते डोळे सांगतात. पण अंधारात, किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. आईला हे विचारा. बी-१२ च्या कमतरतेत हा रस्ता मज्जारज्जूतच झिजतो, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ही कमतरता बऱ्याचदा आढळते.

स्वायत्त चेतासंस्थेबद्दल थोडक्यात: हृदयाची गती, रक्तदाब, घाम, आतडी, लघवी हे आपल्याला न विचारता चालतं. अनुकंपी शाखा धावपळीसाठी सज्ज करते, परानुकंपी शाखा विसावा आणि पचन सांभाळते. उठून उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर ती या बारीक चेतांची तक्रार असू शकते, तेही डॉक्टरांना सांगा.

दुखावलेल्या चेता भरून येतात का? हातापायांतल्या येतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर, तेही कारण दूर झालं आणि पेशीकाय जिवंत असला तर. मेंदू-मज्जारज्जूतले तुटलेले लांब तंतू तसे परत वाढत नाहीत, तिथे सुधारणा होते ती शिल्लक पेशींनी नव्या जोडण्या केल्यामुळे. वेग पाहता सुधारणेला महिने लागतात, आणि मुंग्या थांबण्याआधी आजार पुढे सरकायचा थांबणं हेच पहिलं यश असतं.

आता आईसाठी. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), बी-१२, थायरॉइड आणि किडनीच्या तपासण्या करून घ्या. बी-१२ ची पातळी इंजेक्शनं सुरू करण्याआधी तपासा, नंतर आकडा फसवा येतो. ‘नसांच्या ताकदीच्या’ गोळ्यांत बहुतेक बी गटातली जीवनसत्त्वं असतात; कमतरता असेल तर ती औषधच आहेत, नसेल तर फारसा उपयोग नाही, आणि बी-६ चा मोठा डोस महिनोन्महिने घेतला तर तोच चेतांना इजा करतो. मुंग्या कुठून सुरू झाल्या, किती वर आल्या, दोन्हीकडे सारख्या आहेत का, चप्पल पायातून नकळत निसटते का, हे तारखांसह लिहून न्या. रोज रात्री तळवे उजेडात बघा, कारण बधिर पायाला जखम झालेली कळत नाही. आणि पाय ताठर वाटू लागले, लघवी अडायला किंवा नकळत व्हायला लागली, बसायच्या जागेची संवेदना गेली, किंवा अशक्तपणा दिवसागणिक वर चढू लागला, तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.